लोकांची भांडी

वहिनी गेल्यावर तीन-चार दिवसांनी सुनीताने ओसरीत घोंगडी अंथरली आणि घरात साचलेली भांडी तिच्यावर मांडून ठेवली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं, भाकरी, वरण, भात आणून दिला होता, त्याची ही भांडी. एक जर्मनचं पातेलं, दोन डबे, काही वाट्या, कान मोडलेली एक कढई. सगळी राखेने घासून, पुसून झाली होती. सुनीता म्हणजे दादा आणि वहिनींची एकुलती एक मुलगी. ती भांड्यांपुढे बसली आणि म्हणाली, “काका, ही आता द्यायची कशी?”

“घरोघर नेऊन,” मी म्हणालो.

“ते कळते मला. पन रिकामी?”

दादा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “ठिव फळीवर. तुझी माय असती तर दोन वर्सं ठिवली असती.”

सुनीताने ती उचलून फळीवर ठेवली. तेव्हापासून हे लिहावं असं मनात आहे. मला लिहायला वेळ लागतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नाव गयाबाई. गोरेगावच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा बरीच वर्षं त्यांच्याच घरी राहिलो. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती, तिच्यातलं शेवटून दुसरं घर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओसरी. दादाचं स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, आरे बदलायचे, सायकली भाड्याने द्यायच्या. घर चालेल एवढं त्यातून मिळायचं. घरात जागा नव्हती, कारण आतल्या खोलीत लोकांची भांडी राहत होती.

राहत होती, असंच म्हणावं लागेल. ठेवली होती म्हटलं तर कुणीतरी ती उचलूही शकलं असतं.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली, तर वाटी जाताना तिच्यात काहीतरी जातं. चिमूटभर साखर, मूठभर ज्वारी, काहीच नसलं तर मिठाचे दोन खडे. सगळं गाव या सवलतीवर चालतं. वहिनींना ही सवलत मान्य नव्हती.

“चिमटीभर साखर टाकून डेचकी धाडायची?” त्या म्हणायच्या. “त्यापरिस त्या बाईच्या थोबाडात द्यावी.”

त्यांचा नियम असा होता की जे आलं त्याहून कमी जाता कामा नये, आणि जे आलं तेच उलट जाता कामा नये. त्यामुळे प्रत्येक भांड्याचा स्वतंत्र विचार करावा लागे. शेजारच्या काशीबाईने अंबाडीची भाजी दिली, तर तिच्या डेचकीत तिळाचे लाडू जायचे असं ठरे. तीळ निघायला अवकाश असे. तीळ निघत, तेव्हा घरात दुसरंच काही निघे आणि तीळ त्यात जात. डेचकी पुढच्या वर्षावर पडे. काशीबाई घरी आली की ती डेचकीकडे बघे, आणि वहिनी तिच्याकडे बघून म्हणत, “भरून द्यायची हाय.” काशीबाई म्हणे, “व्हय बाई, मला कुठं घाई हाय.” हे मी एवढ्यांदा ऐकलं आहे की दोघी एकमेकींना रामराम करतात तसं ते वाटायला लागलं होतं.

या भांड्यांना घरात कुणी हात लावायचा नाही. वहिनी आठवड्याला ती सगळी खाली काढत, घासत, उन्हात पालथी घालत आणि पुन्हा होती त्या जागी लावत. पण वापरत नसत. पाहुणे आले की आम्ही कान तुटलेल्या कपांतून आळीपाळीने चहा घ्यायचो, आणि डोक्यावर फळीभर लख्ख पेले चमकत असायचे. एका पाहुण्याने एकदा विचारलं, “ती भांडी काहून घेत न्हाई?” वहिनी म्हणाल्या, “ती लोकांची हायेत.” पाहुणा म्हणाला, “मी बी लोकांतलाच हाय.” त्याला दुसरा कप मिळाला नाही.

पावसाळ्यात पत्रा गळायचा. पाणी ठिबकायचं तिथे खाली भांडं ठेवावं, ही साधी गोष्ट आहे. वहिनी आमची स्वतःची दोन-तीन पातेली लावत, ती पुरत नसत, आणि मग लोकांचं पातेलं न लावता त्या माणसं हलवत. मी पुस्तक घेऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई. दादा ओसरीत निजायचा आणि त्याचे पाय बाहेर राहायचे. तो म्हणायचा, “या घरात मी नाव घातलेलं भांडं असतो तर मला कोरड्यात जागा भेटली असती.”

असं थोडंफार सगळ्याच घरांत असतं. आतली खोली भरून गेली ती दुष्काळाच्या वर्षी. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन लोक खडी फोडायला जात होते, आणि त्याच उन्हाळ्यात दादाला मुदतीचा ताप आला. तो दोन-अडीच महिने अंथरुणाला होता. दुकान बंद. माझ्या पगारात सगळं भागत नव्हतं. तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं त्यांनी आम्हाला पाठवलं. कुणी पेज, कुणी मुगाचं पाणी, कुणी दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी भिजवून. रोज एकदोन भांडी यायची आणि राहायची. परत जायला त्यांत घालावं असं घरात काही नव्हतं. वहिनी भांडं रिकामं करत, घासत आणि फळीवर ठेवत. फळी भरली तेव्हा खाली उतरंड लागली. उतरंड भिंतीएवढी झाली तेव्हा दुसरी लागली. दादा बरा होऊन आतल्या खोलीत गेला, तर त्याला बाजेपर्यंत अंग तिरपं करून जावं लागलं.

त्या भांड्यांत एक पितळी चरवी होती. तिच्याबद्दल सांगायला हवं.

दादा पाटलाच्या मुलाची सायकल दुरुस्त करून देई, म्हणून त्याच्या आजारात पाटलाच्या घरून रोज थोडं दूध यायचं. पाटलीणबाई मनाच्या चांगल्या होत्या. त्यांचा गडी चरवी घेऊन येई, वहिनी आपलं पातेलं ओट्यावर ठेवून मागे सरत, आणि गडी वरून दूध ओती. चरवी आमच्या पातेल्याला लागू न देता ओतण्याचा त्याचा हात बसलेला होता. एके दिवशी पाटलाचा बैल सुटला असं ओरडत कुणीतरी आलं. गड्याने चरवी ओट्यावर टेकवली आणि पळाला. बैल सापडला. चरवी घ्यायला कुणी आलं नाही. आमच्या ओट्यावर टेकलेलं भांडं त्या घरी परत नको होतं, आणि तसं सांगायलाही कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध लोट्यातून येऊ लागलं.

वहिनींनी चरवी चिंचेने घासली आणि आतल्या खोलीत बाजेच्या वरच्या खुंटीला टांगली. “भरून द्यायची हाय,” त्या म्हणाल्या. त्यांना सोडून सगळ्यांना कळत होतं की त्या घरी आमच्या घरचं काही खाणार नाहीत. मला वाटतं त्यांनाही कळत होतं.

दादा हिंडूफिरू लागल्यावर त्याने एकदा स्वतः हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. वहिनी माहेरी गेल्या होत्या. दादाने उतरंडीच्या वरची काही भांडी पोत्यात भरली, सायकलला बांधली, आणि भांड्यांवर घातलेली नावं वाचून ती ज्याची त्याला पोचवायला निघाला. त्यात एक मोठी परात होती. तिच्यावर पुसेगावच्या कुंडलिकरावांचं नाव होतं. दादा सायकल मारत पुसेगावला गेला, परात त्यांच्या ओसरीत ठेवली, पाणी प्याला आणि आला. फार दिवसांनी एवढा खूश दिसत होता.

परातीवर नाव होतं ते देणाऱ्याचं. कुंडलिकरावांनी ती परात काशीबाईच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून दिली होती. काशीबाईने तीत आम्हाला कण्या पाठवल्या होत्या. आता आहेर पोत्यात घालून परत आला, तोही रिकामा. कुंडलिकराव दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून काशीबाईच्या दारात हजर झाले.

“आमचा आहेर हलका वाटला का तुमाला?” ते गाडीतूनच म्हणाले. “तवाच सांगायचं होतं.”

काशीबाई चार दिवस रडली. कुंडलिकराव परात घेऊन जाईनात आणि काशीबाई ती घेईना, कारण घेतली तर आपणच परत केली होती असं ठरलं असतं. वहिनी माहेराहून आल्या, दोन्हीकडे जाऊन आल्या आणि भांडण मिटवलं. परात कुणाकडेच नको म्हणून आमच्या घरी आली. कुंडलिकरावांच्या बायकोने मिटलं त्या आनंदात एक डबा भरून शेवया दिल्या. म्हणजे दादाने जेवढी भांडी नेली होती त्यातलं एक परत आलं आणि एक नवीन आलं. वहिनी त्याला नुसतं म्हणाल्या, “नाव वाचून का मानूस कळते व्हय?”

मी तेव्हा एकदा म्हणालो होतो, “वयनी, दोन दाणे साखरेचे टाका नि देऊन टाका. लोकांना काय फरक पडतो?”

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. वळल्या नाहीत. “भाऊजी, माझ्या मायच्या हातात कुनी भांडं दिलं न्हाई. वरूनच वतायचे. वंजळ धरली तर वंजळीत, पदर धरला तर पदरात. आता लोकं भांडं ठिवून जाऊन राहिले आपल्या घरात. आपल्या भरवशावर. तर ते काय दोन दाने टाकून वापस करायचं?”

मग त्यांनी फुंकणी उचलली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुष्काळ सरल्यावर एका बऱ्या वर्षी सुनीताचं लग्न सेनगावच्या घरात झालं, आणि पुढच्या वर्षी तिला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी. याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण तिची सासू एकदा सहज म्हणून आली आणि तिने आतली खोली पाहिली. विहीणबाई उंच, रोखठोक बाई. त्या दारातच उभ्या राहिल्या, कारण आत जायला जागा नव्हती.

“बाळंतिनीची बाज कुठं टाकता, विहीनबाई?” त्यांनी विचारलं.

“इथंच.”

“इथं म्हंजी कुठं? फळीवर?”

वहिनी म्हणाल्या, “मोकळी करू की खोली.”

“ही भांडी कुनाची?”

“लोकांची.”

विहीणबाईंनी उतरंड खालपासून वरपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, “हे बघा. लेकरू तुमचं बी हाय, माझं बी हाय. सातव्या महिन्यात मी तिला वटी भरायला घेऊन येते. खोली मोकळी असंल तर ठिवून जाईन. न्हाईतर माघारी नेईन. रागावू नका. उतरंड कोसळली लेकरावर, तर तुमी भांडी मोजान का लेकरू बघान?”

त्या गेल्यावर वहिनी ओसरीत बसून राहिल्या. संध्याकाळी चूल उशिरा पेटली. एकुलत्या एका मुलीचं पहिलं बाळंतपण सासरी होणार, आणि का, तर माहेरी भांडी होती म्हणून. असं कुणी कधी ऐकलं नसतं, आणि एकदा ऐकल्यावर कुणी विसरलंही नसतं.

दादा म्हणाला, “बारशाच्या घुगऱ्या वाटतो आपन गावभर. त्या याच भांड्यांत देऊन टाकू. सगळी भरून जातील.”

“बारसं कवा असतं?”

“लेकरू झाल्यावर.”

“आनि लेकरू कवा यील?”

“खोली मोकळी झाल्यावर,” दादा म्हणाला.

बरेच दिवस असे गेले. वहिनी कुठल्या भांड्यात काय जायचं ते बोटांवर जुळवत आणि मध्येच सोडून देत. तशात सातवा महिना जवळ आला आणि नवीनच अडचण निघाली. डोहाळजेवणाला वस्तीतल्या आणि गावातल्या बाया बोलवायला हव्यात. त्या बसणार कुठे?

“बसवू नको,” दादा म्हणाला. तो ओसरीत चाकाचे आरे कसत होता. “जेवन घरोघर धाडून दे.”

“यवढ्या घरी? कशात धाडू?”

आरे कसायचे थांबवून दादाने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग वहिनींनी पाहिलं. मीही पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, “सगळ्यांत एकच चीज? तसं न्हाई जमत.”

“पुरनपोळी दे. दुष्काळात कुनी पुरनपोळी आनून दिली व्हती का आपल्याला? कमी बी न्हाई जात, तीच बी न्हाई जात.”

या मुद्द्यावर वहिनींनी दोन दिवस विचार केला. एकेक भांडं खाली काढून, त्यात काय आलं होतं ते आठवून, त्यांनी खात्री करून घेतली. पुरणपोळी कुणीच दिलेली नव्हती. त्या वर्षी हरभरा बरा आला होता. “चरवी सोडून,” त्या शेवटी म्हणाल्या. “चरवीत दूध आलतं. पोळी कशी घालू चरवीत?”

सुनीता आली त्याच्या दोन-तीन दिवस आधी आमच्या घरी सकाळपासून पुरण शिजत होतं. पुरणाला मोठं पातेलं हवं होतं. फळीवर तशी तीन होती. वहिनींनी ती घेतली नाहीत, काशीबाईकडून मागून आणलं. दादा त्या पातेल्यावर दिवसभर डोळा ठेवून होता, आणि संध्याकाळी सगळ्यांत आधी ते भरून, स्वतः उचलून, तिच्या घरी पोचवून आला.

मग बाकीची निघाली. दादा सायकलवर, मी पायी. कुठे भांड्याची मालकीण ओळखेनाच. “माझं न्हाई हे, माझं घरी हाय,” असं एक बाई म्हणाली, मग तिला झाकणाखालून वास आला आणि ती म्हणाली, “थांबा, माझंच दिसते.” एका म्हाताऱ्याने पेज दिली होती, तो आता नव्हता. त्याच्या सुनेने डबा हातात घेतला, फिरवून नाव पाहिलं आणि आत गेली. दोनतीन भांड्यांच्या बाबतीत वहिनींचा अंदाज चुकला. ज्यांना ती मिळाली त्यांनी तक्रार केली नाही. कुंडलिकरावांची परात काशीबाईने या खेपेला घेतली. पोळ्या भरलेली परात कुणी परत केलेली म्हणत नाही.

दिवेलागणीला आतली खोली मोकळी झाली. मला तिची तिसरी भिंत त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिला खिडकी होती.

“झालं,” दादा म्हणाला.

“न्हाई झालं,” वहिनी म्हणाल्या. बाजेच्या वर चरवी टांगलेली होती.

दादाने समजावलं, मी समजावलं. एका चरवीने जागा अडत नाही. विहीणबाई काही बोलणार नाहीत. वहिनी म्हणाल्या, “माझं लेकरू तिच्याखाली निजंल. मला वर बघवायचं न्हाई.”

सकाळी त्या काशीबाईच्या म्हशीचं दूध घेऊन आल्या आणि चरवी भरली. गळ्यापर्यंत नाही, काठापर्यंत. आणखी एक थेंब मावला नसता. पदर कंबरेला खोचून ती दोन्ही हातांनी धरली आणि निघाल्या. माझी शाळेची वाट तीच होती. मी मागून चाललो होतो. सबंध रस्ता त्या एका लयीत चालल्या. वाटेत कुणी बोललं तर त्यांनी मान वळवली नाही.

पाटलाच्या दारात त्या पायऱ्यांखाली थांबल्या आणि हाक मारली. पाटलीणबाई उंबऱ्यात आल्या.

“काय गं गया?”

“तुमची चरवी हाय. दुष्काळात ऱ्हायली होती.”

“अगं, ती कशाला आणलीस? तुलाच ठेवायची की.”

“तुमची हाय. भरून आनली.”

“बरं, ठेव तिथं पायरीवर.”

वहिनींनी पायरीकडे नीट पाहिलं. “पायरी उतरती हाय. दूध सांडंल.”

“मग खाली ठेव, अंगणात.”

“अंगन आत्ताच सारवलंय. वल्यात कलंडंल. काठोकाठ हाय.” आणि त्या एक पायरी वर चढल्या. “धरा तुमी.”

दूध काठावर थरथरत होतं. सकाळच्या वेळी उंबऱ्यासमोर दूध सांडणं कुठल्याच घराला चालत नाही, आणि त्यातून शुक्रवार होता. पाटलीणबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे सून उभी होती, ती सरकली. मग पाटलीणबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

वहिनींनी लगेच सोडली नाही. “धरली का बराबर?”

“धरली.”

मग त्यांनी सोडली. एक थेंबही सांडला नाही. पाटलीणबाई चरवी घेऊन हळूहळू आत गेल्या, वहिनी पायरी उतरल्या, आणि मी शाळेत गेलो. पहिल्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा गडी दुकानात सायकलला हवा भरायला आला आणि त्याने सांगितलं की ते दूध वासराला पाजलं, आणि चरवी राख-चिंचेने घासून, चुलीवर धरून घेतली. दादा ते घरी येऊन सांगायला कचरत होता. शेवटी सांगितलं.

“जागेवर ठिवली का पन?” वहिनींनी विचारलं.

“ठिवली म्हने.”

“मंग झालं. वासराला बी दूध लागतेच.”

विहीणबाई सुनीताला घेऊन आल्या तेव्हा खोली सारवलेली होती आणि मधोमध बाज होती. त्यांनी सगळीकडे बघितलं. फळीवर एकच भांडं होतं.

“हे कुनाचं?”

“काशीबाईचा तांब्या. दूध आनलं होतं.”

“द्यायचा असंल.”

“भरून द्यायचा हाय,” वहिनी म्हणाल्या.

विहीणबाई हसल्या नाहीत, पण सुनीताला ठेवून गेल्या.

मुलगा झाला. पुढचं दादाच्या हिशेबात नव्हतं. ज्या घरी पुरणपोळी गेली होती, त्या प्रत्येक घराला सुनीता बाळंतपणाला आल्याचं कळलं होतं. पहिल्या आठवड्यात डिंकाचे लाडू आले. मग हळीव, मग खारीक कुटून, मग बाजरीचा घाटा. सगळं भांड्यांत. पाटलाच्या घरून तूप आलं. गडी आला, तर हातात तीच चरवी. वहिनी सवयीने पातेलं ठेवून मागे सरल्या. गड्याने चरवी त्यांच्याच हातात दिली. “बाईनी सांगितलंय, ठिवूनच ये.”

याचा अर्थ काय घ्यायचा यावर दादाचा आणि माझा बरेच दिवस वाद चालला. दादाचं म्हणणं, त्यांना ती आता घरात नकोच होती. माझं म्हणणं वेगळं होतं. वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भरून आली का न्हाई?” आणि चरवी खुंटीला टांगली.

बारशाला विहीणबाई आल्या. खोलीच्या दारात थांबल्या. फळी भरली होती, खाली उतरंड लागली होती, मधून बाळंतिणीपर्यंत जायला वाट ठेवलेली होती. “विहीनबाई,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं भांडी येतात का इथंच वितात?” आणि पदराखालून स्वतःचा डबा काढून वहिनींच्या हातात दिला.

पुढे माझी बदली सिद्धेश्वर धरणाकडच्या शाळेत झाली. लग्न झालं. येणंजाणं सुटीपुरतं राहिलं. माझ्या बायकोने एकदा धरणातले मासे तळून स्टीलच्या डब्यातून गोरेगावला पाठवले. डबा परत येईना. बायकोने आठवण काढली की मी म्हणायचो, भरून येईल.

गेल्या हिवाळ्यात मी एक दिवस जाऊन आलो. वहिनी वाळल्या होत्या. पोट दुखतं म्हणायच्या आणि हिंगोलीला दाखवायचं पुढे ढकलायच्या. पण मला आधी दिसली ती आतली खोली. फळी मोकळी होती. उतरंडी नव्हत्या. खुंटीही रिकामी होती. मी दादाला म्हणालो, “जमलं की रे शेवटी.” दादा म्हणाला, “दिवाळीपासून देऊनच राहिली. रोज एक.” मला बरं वाटलं. दादाच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलं नाही.

दुपारच्या गाडीला वहिनी स्टँडवर सोडायला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. गाडी निघायच्या वेळी त्यांनी पदराखालून माझा डबा काढला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. जड होता. झाकण वर आलं होतं, म्हणून सुतळीने बांधलं होतं.

“शेंगदान्याचे लाडू हायेत. घरी जाऊनच सोडा.”

“एवढे कशाला, वयनी?”

“मासे लई होते,” त्या म्हणाल्या. आणि मग, “आता तुमचं काई न्हाई माझ्याकडं, भाऊजी.”

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळताना मी मागच्या काचेतून पाहिलं. त्या दुकानासमोर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांचे दोन्ही हात रिकामे असलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, काढला, पदर धरला, सोडला. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.